४.३ स्टार, अन् मिक्सर दुसऱ्याच दिवशी बंद

मागच्या अंकात वीजबिलाचे प्रश्न संपवताना सहज एक ओळ टाकली होती, की ऑनलाइन खरेदी-विक्रीतल्या स्टार-रेटिंगच्या भानगडीबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. वाटलं होतं चार-दोन लोक लिहितील. बाप्पा, व्हॉट्सॲपवरच तीसच्या वर मेसेज आले, त्यात तीन व्हॉइस नोट, त्यातली एक साडेसहा मिनिटांची. सगळे घेता येत नाहीत, आठ घेतले. नावं कोणाचीच छापत नाही, कारण लिहिणाऱ्यांत अर्धे दुकानदार आहेत आणि अर्धे गिऱ्हाईक, उगाच कोणाची कोणाशी जुंपायला नको.

प्रश्न : एका मोठ्या ॲपवरून मिक्सर मागवला. ४.३ स्टार होते, रेटिंग देणारे अकरा हजारांच्या वर. दुसऱ्याच दिवशी वड्यांसाठी भिजवलेली डाळ वाटायला घेतली तर जळका वास आला आणि मिक्सर बंद. मग हे स्टार देते तरी कोण? — एक गृहिणी, सक्करदरा

ताई, स्टार देतात तुमच्या-माझ्यासारखेच लोक, पण कशाला देतात ते बघा. मी स्वतः एका कुकरला पाच स्टार देऊन बसलोय, त्याची पहिली शिट्टी व्हायच्या आधी. ॲपनं विचारलं कसा वाटला, डबा चकचकीत होता, वेळेवर आला होता, पोऱ्या तिसऱ्या मजल्यावर चढून आला होता, दिले पाच. ते स्टार कुकरचे नव्हतेच, त्या पोऱ्याचे होते. तुमच्या मिक्सरच्या अकरा हजारांत असे किती असतील याचा विचार करा.

दुसरं म्हणजे तिथं दोन वेगवेगळी रेटिंग असतात आणि आपण एकच बघतो. मोठ्या अक्षरात दिसतं ते वस्तूचं रेटिंग. विकणाऱ्याचं वेगळं असतं, ते किमतीच्या खाली कुठंतरी 'सोल्ड बाय' असं बारीक लिहिलेलं असतं त्या नावावर टच केलं की उघडतं, आणि तिथं बोट लावणारा माणूस मी अजून पाहिला नाही. एकच मिक्सर पाच-सहा जण विकत असतात, वस्तूचे रिव्ह्यू सगळ्यांचे एकाच ढिगात पडतात, पण डबा तुम्हाला त्यातल्या एकाच्याच गोडाऊनमधून येतो. विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि रेटिंग गिऱ्हाइकाला दाखवलंच पाहिजे असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत लिहिलेलं आहे, त्यामुळे माहिती असते नक्की, फक्त बारीक अक्षरात असते. आणि कधी कधी ५०० वॉटचा, ७५० वॉटचा, लाल, निळा असे सगळे प्रकार एकाच पानावर बांधलेले असतात, म्हणजे कौतुक ७५० वॉटवाल्याचं आणि विकत घेतला आपण ५०० वॉटवाला.

तिसरी गोष्ट, लिहितं कोण. एक तर खूप खूश झालेला किंवा डोकं फिरलेला. 'ठीक आहे, चालतं' वाला माणूस लिहायला बसतच नाही. यावर २००९ मध्ये संशोधन छापून आलं होतं, ऑनलाइन रिव्ह्यूचा आलेख काढला की तो इंग्रजी 'जे'सारखा दिसतो, पाच स्टारचा उंच खांब, एक स्टारचा त्याहून लहान पण ठळक खांब आणि मधले दबलेले. म्हणून सरासरी सोडा, त्या खांबांवर बोट ठेवा. एक स्टारवाले पंधरा-वीस रिव्ह्यू नवीनात नवीन आधी असे लावून वाचा, त्यातले कुरियरला शिव्या देणारे सोडून द्या, आणि 'जळका वास' हे शब्द तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले सापडले तर तो मिक्सर घ्यायचा नाही, मग वर ४.३ असो नाहीतर ४.८.

तुमच्या मिक्सरचं काय, तर वॉरंटी कंपनीची असते, ती ॲपवर घेतला म्हणून जात नाही. सोबत ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाका, त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निकाल लावायचा असतो. नाहीच हलला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

प्रश्न : एका वस्तूला ४.९ पण फक्त १२ रेटिंग, दुसरीला ४.४ पण ३००० रेटिंग. बायको म्हणते पहिली घ्या. मी गणिताचा निवृत्त शिक्षक, मला पटत नाही पण समजावताही येत नाही. — धंतोली

सर, तुम्हाला गणित सांगायचं म्हणजे संत्र्याच्या बागेत संत्री विकायची, पण वहिनींसाठी लिहितो. प्रत्येक वस्तूच्या खात्यात आधीच ५० लोकांनी ४ स्टार दिलेत असं धरून चाला, म्हणजे कोणी नवीन आला की त्याला मधलं माप. आता पहिली वस्तू. १२ जणांचे मिळून ५९ स्टार, त्यात ते २००, एकूण २५९, भागिले ६२, आले ४.१८. दुसरीचे १३,२०० अधिक २००, भागिले ३०५०, आले ४.३९. दुसरी पुढे. ते ५० आणि ४ मी मनानेच धरलेत, दुसरे धरले तर आकडे बदलतील, पण कल्पना हीच, की थोड्या लोकांच्या मतावर थोडाच भरोसा ठेवायचा. बाकी पुष्कळ ॲपवर दिसणारा आकडा साधी सरासरी नसतोच. अमेझॉन स्वतःच सांगतं की रिव्ह्यू किती ताजा, वस्तू खरंच तिथून घेतली होती का, असं बघून ते वजन देतात. बारा जणांत तर विकणाऱ्याचे दोन साळे आणि एक जावई सहज बसतात.

प्रश्न : माझं गांधीबागेत साड्यांचं छोटं दुकान आहे, दोन वर्षांपासून ऑनलाइनही विकून राहिले. मागच्या महिन्यात एका बाईनं साडी घेतली, आठ दिवसांनी रिटर्न टाकली, 'रंग फोटोसारखा नाही' म्हणून १ स्टार दिला. साडी परत आली तेव्हा फॉल-पिको झालेला आणि पदराला हळदीचा डाग. म्हणजे लग्नात नेसून परत पाठवली. तिनं मला स्टार द्यायचे आणि मी तिला काहीच द्यायचं नाही, हा कुठला न्याय? — एक दुकानदार

ताई, तुमचा राग बरोबर आहे आणि तुमचा प्रश्न या सगळ्यातला खरा प्रश्न आहे, म्हणून जरा लांबून सांगतो.

एके काळी दोघांनाही देता यायचे. अमेरिकेत पिअर ओमिड्यार नावाच्या माणसानं १९९५ मध्ये लिलावाची वेबसाइट काढली, तीच पुढं ईबे झाली. अनोळखी माणूस अनोळखी माणसाला पोस्टानं चेक पाठवायचा आणि वस्तूची वाट बघत बसायचा, तर भांडणं होणारच. सगळी भांडणं त्याच्याकडे यायला लागली तेव्हा फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यानं सांगितलं की तुम्हीच एकमेकांबद्दल लिहा. चांगला असेल तर अधिक एक, वाईट असेल तर उणे एक, मधलं असेल तर शून्य. घेणारा देणाऱ्याला आणि देणारा घेणाऱ्याला, दोन्हीकडून, सगळ्यांना दिसेल असं.

म्हटलं तर ही आपल्या नागपूरच्या इतवारी बाजारातली पतच. फरक एवढाच की इतवारीत पत तुमच्या पाठीमागे बोलली जाते. 'त्याले उधार देऊ नको' हे दलाल दुसऱ्याच्या कानात सांगतो, ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला कधी कळतही नाही. ईबेवर ते तोंडावर लिहायचं होतं, आणि समोरच्याच्याही हातात पेन होतं. मग काय झालं ते बघा. पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाऊझर या दोघांनी तिथले व्यवहार तपासून २००२ मध्ये निष्कर्ष छापले. साधारण निम्म्याच सौद्यांत गिऱ्हाइकानं काही मत दिलं होतं, आणि जी दिली त्यातली ९९ टक्क्यांच्या वर चांगली. ९९ टक्के! गांधीबागेत दिवाळीच्या आदल्या दिवशी तरी ९९ टक्के बाया खूश होऊन जातात का, तुम्हीच सांगा.

तो आहेर होता ताई, रेटिंग नव्हतं. तू मला अधिक एक दे, मी तुला अधिक एक देतो, आणि तू उणे दिलंस तर मीही उणे परत करतो. चलाख विक्रेते आधी स्वतः काही लिहायचेच नाहीत, गिऱ्हाइकाचं मत येईपर्यंत थांबायचे, त्यामुळे ज्याला फुटकी बशी मिळाली तोही विचार करायचा की जाऊ दे, कशाला आपलं नाव खराब करून घ्या. शेवटी मे २००८ पासून ईबेनं विक्रेत्यांचा उणे द्यायचा हक्कच काढून टाकला. द्यायचं तर चांगलंच द्या, नाहीतर गप्प बसा. विक्रेते भयंकर चिडले होते, तुमचंच वाक्य त्यांचंही होतं, हा कुठला न्याय. पण तिथं पैसे आधी जायचे आणि माल नंतर यायचा, म्हणजे जोखीम घेणाऱ्याची, म्हणून त्याला न घाबरता बोलता आलं पाहिजे असा हिशोब होता.

दुसराही रस्ता होता. घरं-खोल्या भाड्यानं देणाऱ्या एअरबीएनबीनं २०१४ मध्ये तो धरला. दोघांनीही लिहायचं पण सीलबंद, टेंडरसारखं. दोघांचं लिहून झालं किंवा १४ दिवस संपले की दोन्ही लिफाफे एकदम उघडायचे, मग त्याचं वाचून आपण सूड घ्यायची सोयच राहत नाही. तिथं पाहुणा घरात येऊन झोपतो, मालकाचीही जोखीम मोठी, म्हणून दोघांच्या हातात पेन ठेवलं.

आता तुमच्याकडे येतो. आपल्याकडच्या बहुतेक ॲपनी पहिलाच नमुना उचलला, बोलणार फक्त गिऱ्हाईक. पण आपल्याकडे सीओडी आहे. आधी माल जातो, मग पैसे येतात, आणि कित्येकदा येतच नाहीत, आरटीओ होऊन, म्हणजे गिऱ्हाइकानं घेतलंच नाही म्हणून, पार्सल चुरगळून परत येतं. म्हणजे जोखीम उलटी झाली आणि पेन मात्र तिकडेच राहिलं. माझं मत विचाराल तर सीओडीच्या ऑर्डरवर विक्रेत्यालाही लिफाफा मिळायला पाहिजे. मिळेल असं वाटत नाही, कारण ॲपला तुमच्यासारख्या शंभर दुकानदारांपेक्षा ती एक बाई महाग पडते.

पण त्या बाईचं रेटिंग होतच नाही असं समजू नका. सारखं परत पाठवणाऱ्यांचा हिशोब ॲप आतल्या आत ठेवतं, एक दिवस अशा गिऱ्हाइकाला सीओडीचा ऑप्शन दिसेनासा होतो. ते फक्त तुम्हाला दिसत नाही, आणि तिलाही.

आता करायचं काय. रिटर्नचं पार्सल मोबाइल चालू केल्याशिवाय उघडायचंच नाही. आधी लेबल कॅमेऱ्यासमोर, मग टेप कापणं, मग साडीची घडी, फॉल, डाग, सगळं एकाच व्हिडिओत, मध्ये कुठं कट नको. मग ॲपवर क्लेम टाकायचा, अमेझॉनवर त्याला सेफ-टी क्लेम म्हणतात, बाकीच्यांचीही आपापली सोय असते. क्लेमला मुदत असते, दिवाळीनंतर बघू म्हटलं की गेली. रिव्ह्यूच्या खाली उत्तर लिहायची सोय असेल तर दोनच ओळी लिहा, 'साडी फॉल-पिको झालेली आणि डाग पडलेली परत आली, व्हिडिओ ॲपकडे दिला आहे'. बाईचं नाव नको, टोमणा नको. पुढचं गिऱ्हाईक तुमचं उत्तर वाचतं, तिचा एक स्टार नाही.

आणि तुम्ही अमेझॉनवर असाल तर एक आकडा माहीत पाहिजे. विक्रेत्याला मिळालेले १-२ स्टार, ए-टू-झेड क्लेम (माल आला नाही किंवा खराब निघाला म्हणून गिऱ्हाइकानं अमेझॉनकडे मागितलेले पैसे) आणि बँकेकडून उलटवलेलं पेमेंट, हे सगळं मिळून ६० दिवसांच्या ऑर्डरींत १ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं, नाहीतर खातं बंद होऊ शकतं. ६० दिवसांत तुमच्या ३०० ऑर्डर असतील तर असे तीन फटके बसले की संपलं. दहा हजार ऑर्डरवाल्या मोठ्या विक्रेत्याला तीन फटके कळतही नाहीत. मात्र माल अमेझॉनच्याच गोडाऊनमधून जात असेल आणि गिऱ्हाईक फक्त डिलिव्हरीवर चिडलेलं असेल, तर तो स्टार ते खोडून स्वतःवर घेतात, तसं मागायला लाजू नका.

एक शेवटचं, घाबरवायला नाही. आपल्याकडे आधी बाझी डॉट कॉम होतं, ते २००४ मध्ये ईबेनं घेतलं, आणि ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. तिथं वर्षानुवर्षं एक-एक करून जमवलेले स्टार त्या साइटबरोबर गेले, कारण ते विक्रेत्यांचे नव्हतेच, साइटचे होते. गांधीबागेतून दुकान उद्या सक्करदऱ्याला हलवलं तर तुमची पत तुमच्याबरोबर रिक्षात बसून येईल. शटर बंद करून नुसत्या ॲपवर जायचा विचार असेल तर दहादा करा.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेल्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो म्हणून २ स्टार दिले. तेव्हापासून विक्रेता रोज फोन करतो, पूर्ण पैसे देतो पण रिव्ह्यू काढा. काढू का? — नरेंद्रनगर

वरच्या ताईंचा प्रश्न वाचल्यावर हा वाचला की दोन्ही बाजू कळतात. पेन तुमच्याकडे आहे पण तुमचा फोन नंबर त्याच्याकडे आहे. खुर्ची खराब असेल तर पैसे किंवा बदली खुर्ची हा तुमचा हक्कच आहे, रिव्ह्यूच्या बदल्यात घ्यायची भीक नाही, त्यामुळे रिटर्न ॲपवरूनच टाका, त्याच्या फोनवर सौदा नको. त्यानं खरंच पाय बदलून दिला तर रिव्ह्यू काढू नका, एडिट करा, 'पाय डुगडुगत होता, आठ दिवसांत बदलून दिला'. त्याच्यासाठीही ते पाच कोरड्या स्टारपेक्षा चांगलं. फोन थांबले नाहीत तर नंबर ब्लॉक आणि स्क्रीनशॉट ॲपला.

प्रश्न : इअरफोनच्या डब्यात एक रंगीत कार्ड निघालं, ५ स्टार देऊन स्क्रीनशॉट पाठवा, १५० रुपये मिळवा. मुलगा म्हणतो फुकटचे पैसे आहेत बाबा. घ्यावे का? — धरमपेठ

काका, फुकटचे कुठले, ते १५० तुम्हीच आधी इअरफोनच्या किमतीत भरलेत. त्या कार्डाची खरी गंमत वेगळीच आहे. खोट्या रिव्ह्यूंवर उपाय म्हणून ॲपवाल्यांनी 'व्हेरिफाइड' शिक्का आणला, म्हणजे खरंच विकत घेतलेल्याचाच रिव्ह्यू. कार्डवाल्यानं त्यावर बरोबर तोड काढली, खोटे गिऱ्हाईक आणण्यापेक्षा खरेच गिऱ्हाईक दीडशेला घ्यायचे. तुमचा रिव्ह्यू शिक्क्यासकट, नावासकट, आणि तरी विकलेला.

बहुतेक मोठ्या ॲपच्या नियमांत हे बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, त्यातही विकत घेतलेले रिव्ह्यू चालत नाहीत, फक्त ते मानक ऐच्छिक म्हणून आलं, म्हणजे दात आहेत पण कवळीचे. आणि स्क्रीनशॉटसोबत तुमचा ऑर्डर नंबर, मोबाइल, यूपीआय आयडी सगळं कोणत्या तरी अनोळखी व्हॉट्सॲप नंबरवर जातं ते वेगळंच. कार्डाचा फोटो काढा आणि रिव्ह्यूमध्येच टाका, ॲपनं काढून टाकला तर ॲपला रिपोर्ट करा. इअरफोन चांगला असेल तर चांगला लिहा, पण ते तुमच्या कानाला विचारून.

प्रश्न : मी क्रोशाची तोरणं आणि रुमाल करते, ऑनलाइन दुकान नुकतंच उघडलं. शून्य रेटिंग बघून कोणी घेत नाही. मामेभावांना ऑर्डर टाकून ५ स्टार द्यायला लावू का? चार मामेभाऊ आहेत, चारही रिकामे. — हिंगणा रोड

नको. विक्रेत्यानं गिऱ्हाईक असल्याचं सोंग करून रिव्ह्यू टाकायचा नाही असं २०२० च्या नियमांत सरळ लिहिलंय, आणि मामेभाऊ रिकामे असले तरी ॲप रिकामं नसतं. एकच वायफाय, एकच पत्ता, पाच मिनिटांत चार ऑर्डर, पकडायला वेळ लागत नाही, आणि पकडलं की नवं खातं आधी जातं.

पण शून्याची एवढी भीती बाळगू नका. वर ज्या रेझनिकचं नाव घेतलं त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी पुढं एक मस्त प्रयोग केला, तो २००६ मध्ये छापून आला. ईबेवर जुनी पोस्टकार्डं विकणारा एक मुरलेला विक्रेता घेतला, आणि सारखीच पोस्टकार्डं काही त्याच्या जुन्या नावावर आणि काही नव्या कोऱ्या नावांवर विकायला लावली. जुन्या नावाला ८.१ टक्के जास्त मिळाले. बस, एवढंच. म्हणजे २०० रुपयांच्या तोरणामागे सोळा रुपये. तेवढे सुरुवातीला कमी लावा आणि बोहनी समजा. त्याच प्रयोगात असंही दिसलं की नव्या नावाला एक-दोन वाईट शेरे मिळाले तरी लोक द्यायचे त्या भावात फारसा फरक पडला नाही, त्यामुळे पहिला एक स्टार आला तर रडत बसू नका.

मामेभावांना कामाला लावायचंच असेल तर एकाला फोटो काढायला सांगा, गच्चीवर सकाळच्या उजेडात, तोरणाशेजारी फूटपट्टी ठेवून. 'फोटोत मोठं वाटलं' हाच हातकामाच्या वस्तूंवरचा नेहमीचा रडगाणा रिव्ह्यू असतो.

प्रश्न : कॅबच्या ॲपवर माझं स्वतःचं रेटिंग ४.६ दाखवतं. मी तर ड्रायव्हरशी बोलतही नाही. — मनीषनगर

कदाचित म्हणूनच. उबर शेवटच्या ५०० राइडची सरासरी काढतं, पण तुमच्या आतापर्यंत वीसच राइड झाल्या असतील तर हिशोब सोपा आहे, अठरा जणांनी पाच दिले आणि दोघांनी एक-एक, की आलं ४.६. दोनच माणसं चिडली भाऊ. आणि कशानं चिडतात ते त्यांनाच विचारा, पिन मुंजे चौकाचा टाकायचा आणि उभं राहायचं व्हरायटी चौकात, ते पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता. इथं दोघांच्याही हातात पेन आहे हे लक्षात असू द्या.

प्रश्न : जुना कूलर जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर साडेचार हजाराला टाकला. पाच मिनिटांत मेसेज, मी फौजी आहे, कामठीला पोस्टिंग आहे, भाव करत नाही, आत्ताच पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. काहीतरी खटकलं म्हणून थांबलो. अशा ॲपवर घेणाऱ्याचं रेटिंग काहून नसतं? — मानेवाडा

थांबलात ते फार चांगलं केलं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. तो फौजीही नसतो, वर्दीवाला फोटो आणि ओळखपत्र कोणाचं तरी ढापलेलं असतं. वाचणाऱ्यांपैकी कोणी फसलं असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, पहिल्या तासाभरात पैसे अडवता येण्याची आशा जास्त असते.

रेटिंगचं म्हणाल तर अशा ॲपला सौदा झाला की नाही हेच माहीत नसतं. तुम्ही तिथं फक्त भेटता, पैसे हातोहात, कूलर मालवाहू रिक्षात, ॲप बाहेरच. कोणता स्टार कोणत्या सौद्याचा हे बांधायला धागाच नाही, आणि धाग्याशिवाय स्टार ठेवले तर फौजीचेच पाचशे होतील. म्हणून तिथं जुनीच पद्धत, खातं कधी उघडलं ते बघायचं, प्रत्यक्ष घरी बोलवायचं, शेजारच्याला दारात उभं करायचं, आणि माणूस कसा बोलतो ते ऐकायचं. खस उचलून न बघता, पंप चालू न करता, टाकी गळते का ते न विचारता जो जुन्या कूलरचे साडेचार हजार एका शब्दात कबूल करतो, तो कामठीचा तर नाहीच, विदर्भातलाही नाही.

कूलर अजून गेला नसेल तर कळवा. वरच्या मनीषनगरवाल्या भाऊंनी मेसेजच्या शेवटी विचारलं होतं कोणाकडे आहे का म्हणून. पण ते भाव करतील.